उघड्या डोळ्यांची प्रार्थना

ज्वारी निसवली, कणसं बाहेर पडली की माझ्यातलं एक जुनं भांडण जागं होतं.

संतपूरच्या शिवारात आता ज्वारी फारशी कुणी पेरत नाही. सोयाबीन निघालं की हरभरा टाकतात, नाहीतर तूर उभी असतेच. ज्वारीला राखण लागते आणि राखणीला बसायला माणूस मिळत नाही. माझे यजमान प्रकाश दर वर्षी मला समजावतात, "दुकानात मिळती की ज्वारी. ह्या वयात पाखरामागं वरडत कामून बसायलीस?" ते जीप चालवतात, कमलनगरहून आसपासच्या गावांना. रान माझ्याकडं आहे. म्हणून ओढ्याकडची पट्टी दर वर्षी ज्वारीचीच राहते.

परवा सकाळी भोरड्या आल्या. गुलाबी पोटाची ती पाखरं थव्यानं येतात, एकदम उतरतात आणि असा कलकलाट करतात की शेजारच्या बांधावरून कुणी हाक मारली तरी ऐकू येत नाही. आमची पट्टी उशिरा पेरलेली, म्हणून कणसात आत्ता कुठं दूध भरलंय. ज्वारीच्या धांड्याला हात लावला की तळव्याला पांढरी भुकटी लागते. सकाळी थंडी असते आणि दुपारी ऊन पाठीला चावायला लागतं. याच दिवसांत ईस्टरच्या आधीचा आमचा उपासकाळ येतो. चर्चमध्ये सूचना वाचतात, बुधवारी बायकांची प्रार्थना, शुक्रवारी उपास. मी जाते, गुडघे टेकते, गाणी म्हणते. पण प्रार्थना म्हणजे काय, हे मी चर्चमध्ये शिकले नाही. ते मला या पट्टीत शिकावं लागलं आणि त्यासाठी चर्चशी भांडावं लागलं.

तशी प्रार्थना मला लहानपणापासून येत होती. माझं माहेर कमलनगरचं. संध्याकाळी दिवे लागले की माझे वडील, अप्पा, आम्हा भावंडांना ओळीनं बसवायचे. हात जोडा, डोळे मिटा, सुरू करा. आम्ही पाठ केलेलं घडाघडा म्हणायचो. जो डोळे उघडेल त्याच्या डोक्यात टपली बसायची. अप्पा म्हणायचे, "डोळं उघडं ठिवून मागितलं तर देवाला वाटतंय, ह्याला काय गरज न्हाई." पाठ केलेलं संपलं की ज्याचं त्याचं मागणं. मी परीक्षेत पास व्हायचं मागे, नवा फ्रॉक मागे, हरवलेली शेळी परत यावी म्हणून मागे. काही मिळे, काही मिळत नसे. न मिळालेल्याचा राग धरावा असं कधी मनात आलं नाही. मागण्यासारखं मोठं काही तोवर माझ्याकडं नव्हतंच.

मग सलोमी झाली. आमची एकुलती एक.

चौथ्या वर्षी तिला मेंदूचा ताप आला. ताप गेला आणि जाताना तिचं ऐकणं घेऊन गेला. बीदरच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं की कानाची नस गेली आहे, ऐकू येणं परत येणार नाही. मला त्यावेळी ते नीट कळलं नाही. पोर बोलत होती की. आई म्हणत होती, पानी म्हणत होती, बाबांची जीप आली की भुर्र म्हणत होती. पण स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येईना तसे तिचे शब्द एकेक करून गळायला लागले. आधी लांबचे गेले, मग रोजचे. पानी गेलं. आईसुद्धा गेलं. शेवटी एकच शब्द राहिला, 'नको'. तो ती मोठ्यानं म्हणायची, सगळ्या घराला ऐकू जाईल असा. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, तो ऐकून डोळ्याला पदर लावायच्या. मला मात्र त्या शब्दाचा आधार वाटायचा. जिला अजून नको म्हणता येतं ती पोर संपलेली नाही, असं मी स्वतःला सांगायचे.

त्या वर्षीही ज्वारी अशीच दुधात होती. संतपुरात मांडव घालून सभा ठेवली होती आणि बाहेरून एक मोठे प्रचारक आले होते. ते कन्नडमध्ये बोलत आणि आमचे पास्टर मराठीत सांगत. आजाऱ्यांसाठी प्रार्थना होती. आत्यांनी आणि प्रकाशनं सलोमीला पुढं नेलं. मीही गेले. खोटं कशाला सांगू, मी आशेनंच गेले होते.

प्रचारकांनी तिच्या दोन्ही कानांत बोटं घातली आणि ते मोठ्यानं ओरडले. सलोमी घाबरून माझ्या पदरात शिरली. त्यांनी तिला हळूच सोडवून समोरच्या बायकांकडं तोंड करून उभं केलं, तिच्या मागं गेले आणि जोरात टाळी वाजवली. सलोमी वळली.

"बघा, ऐकायली पोरगी," असं पास्टरांनी मराठीत सांगितलं. "सगळ्यांनी आमेन म्हणा."

मांडव आमेननं भरून गेला. प्रकाशच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पण मी सलोमीच्या शेजारी होते आणि माझी नजर तिच्या तोंडावर होती. टाळी वाजली तेव्हा समोरच्या बायका दचकल्या होत्या. त्यांचे चेहरे बघून ती वळली होती.

प्रचारक माझ्याकडं बघत होते. पास्टर म्हणाले, "करुणा, तू आई हाईस. आमेन म्हण."

मी म्हणाले, "तिला ऐकू आलं न्हाई. समोरच्या बाया दचकल्या, ते बघून वळली ती."

"म्हण तू. विश्वासानं म्हण, मग हुतंय."

"खोट्याला आमेन म्हणत न्हाई मी."

मी सलोमीला कडेवर घेतलं आणि मांडवाबाहेर आले. मागं गाणं सुरू झालं होतं, नेहमीपेक्षा मोठ्यानं.

दुसऱ्या दिवशी घरी बायका आल्या. त्या वाईट नव्हत्या. सलोमीच्या तापात याच बायकांनी आमच्या घरी आळीपाळीनं भाकरी आणून दिल्या होत्या. त्यांच्यातली थोरली सुलोचनाक्का माझा हात धरून म्हणाली, "पोरीचं कान उघडायले होते. तुझ्या एका न्हाईनं अडलं बघ." पास्टर रविवारी बाजूला घेऊन म्हणाले, "थोडे दिवस तू पाठ वाचू नको, करुणा. लोकांचं मन दुखलंय." लग्न होऊन आल्यापासून दर रविवारी बायबलमधला मराठी पाठ मी वाचत होते. ते माझं चर्चमधलं एकच काम होतं. ते गेलं.

त्याच सुमाराला बीदरच्या डॉक्टरांनी गुलबर्ग्याच्या एका शाळेचं सांगितलं होतं. ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा, राहायची सोय असलेली. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आधी मुलगी आणून दाखवायची होती, घेतली तर तिथंच ठेवायची. मी घरात विषय काढला. प्रकाश भाकरी मोडता मोडता थांबले.

"ईस्टरपर्यंत थांबू की," ते म्हणाले. "सगळं चर्च मागायलंय तिच्यासाठी. मधीच मुक्यांच्या शाळेत घातली तर लोक म्हणतील, ह्यांचाच विश्वास न्हाई."

"लोक म्हणतील का देव म्हणल?"

ते परत भाकरी मोडायला लागले. आत्यांनी त्या दिवसापासून दुपारचं जेवण सोडलं. सलोमीचे कान उघडेपर्यंत एकच वेळ खाणार, म्हणाल्या. घरात कुणी माझ्याशी भांडत नव्हतं. सगळे माझ्यासाठी प्रार्थना करत होते आणि त्यानं जीव जास्त गुदमरत होता.

मग मी रानात जाऊन बसायला लागले. राखण करायचीच होती. सलोमीला बरोबर घ्यायची. एक पत्र्याचा डबा आणि काठी तिच्या हातात दिली होती. डबा वाजवताना ती दुसरा हात त्याच्यावर ठेवायची आणि थरथर तळव्यात घेऊन हसायची. मी मचाणावर बसून देवाशी बोलायचे. आधी मागायचे, अप्पांनी शिकवलं तसं. ते कोरडं पडलं. मग मी भांडायला लागले. तू दिलेस ते कान, तूच घेतलेस, आणि वर माझ्या तोंडून खोटं आमेन पाहिजे तुला? चार वर्षांच्या पोरीनं काय केलं होतं तुझं? लोक देवाची इच्छा म्हणून गप्प बसतात, मी बसणार नाही. तुझी इच्छा असेल तर तू येऊन सांग. असं काय काय. घरात जे बोलता येत नव्हतं ते सगळं मी ज्वारीत ओरडत होते आणि पाखरं आयतीच उडत होती.

शेजारच्या रानात नागम्माक्का असायची. तिच्या घरची पूर्वी मेंढरं होती, आता ते शेती आणि मजुरी करतात. एका दुपारी ती बांधावर येऊन उभी राहिली.

"कुणाला शिव्या घालायलीस गं?"

"देवाला."

"मग घाल," ती म्हणाली. "मला वाटलं, मला घालायलीस." जरा थांबून तिनं विचारलं, "तुझा देव रागावत न्हाई का?"

"ठावं न्हाई. अजून तरी काई बोलला न्हाई."

"मग ऐकायलाय म्हणायचा," ती म्हणाली आणि तिच्या पाखरांमागं गेली.

त्या बोलण्यानं माझं समाधान झालं असं नाही. पण एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. मांडवात मी आमेन म्हणाले नाही तेव्हापासून मी चर्चमधल्या कुणाशीही खरं बोलले नव्हते. खरं बोलत होते ती फक्त देवाशी, आणि ते बोलणं म्हणजे शिव्या होत्या. लहानपणापासूनच्या माझ्या सगळ्या गोड मागण्यांपेक्षा या शिव्यांमध्ये मी जास्त होते. ज्याच्याशी संबंध संपलेला असतो त्याच्याशी कुणी इतकं भांडत नाही. विश्वास कमी पडला म्हणणाऱ्यांना हे कसं सांगायचं, ते मला कळत नव्हतं. आजही सांगता येत नाही. पण कुणी दुःखात देवावर चिडलं आणि लोक त्याला गप्प करायला लागले की मी मध्ये पडते. बोलू द्या त्याला, म्हणते.

हळूहळू भांडणही सरलं. कणसं पिवळी पडत होती, दाणा घट्ट होत होता. माझ्याकडं शब्द उरले नव्हते. मी नुसती मचाणावर डोळे मिटून बसायचे. अशीच बसले असताना एकदा डोळे उघडले तर समोर सलोमी बसलेली. तिनं हात जोडले होते, डोळे घट्ट मिटले होते आणि ओठ भराभर हलवत होती. आवाज नव्हता. मध्येच तिनं एक डोळा किलकिला करून माझ्याकडं बघितलं आणि परत मिटला. ती माझी नक्कल करत होती.

मला आधी हसू आलं. मग उमगलं. पोरीला प्रार्थना अशी दिसत होती. आई डोळे मिटते, तोंड हलवते आणि आपल्यापासून दूर निघून जाते. ऐकू येणाऱ्या पोराला डोळे मिटलेल्या आईचा निदान आवाज तरी येतो. हिच्यासाठी माझे डोळे मिटले की सगळंच बंद होत होतं. हिच्यासाठी म्हणून मी तासन्‌तास प्रार्थना करत होते आणि तेवढा वेळ हिला एकटी टाकत होते.

सलोमीची एक सवय होती. काही सांगायचं असलं की ती माझी हनुवटी धरून माझं तोंड स्वतःकडं वळवायची. इकडं बघ, मग सांगते. त्या दिवशी तिनं डोळे उघडले, जोडलेले हात सोडले आणि नेहमीसारखी माझी हनुवटी धरली. तिला आकाशातला थवा दाखवायचा होता. मला दिसायच्या आधी तिला दिसला होता. पण माझ्या मनात थवा नव्हता. इतके दिवस मी हेच करत होते, देवाचं तोंड ओढून माझ्याकडं वळवायची धडपड. तोही माझी हनुवटी धरत असेल आणि मी डोळे मिटून बसले असेन, हे कधी सुचलंच नव्हतं.

मी डोळे उघडे ठेवून प्रार्थना केली. तिच्याकडं बघत. काही मागितलं नाही. बघता बघता दिसलं की ही पोर दुखणाईत नाही. ती सगळं टिपत होती. जीपचं भुर्र आता तिच्या हातात आलं होतं, भाकरी तिच्या तळव्यात थापली जात होती, पाऊस बोटांतून पडत होता. शब्द गेले होते तिथं तिनं हातांची बोली उगवून ठेवली होती आणि आम्ही सगळे तिच्या कानांकडं बघत बसलो होतो. हिचे कान उघड म्हणून मागत होते मी. मला दिसायला लागलं ते आमच्याच घराचं बहिरेपण.

ज्वारी काढून झाली, कडब्याच्या पेंढ्या बांधून झाल्या. शाळेत न्यायचा दिवस आला आणि नेमका त्याच दिवशी चर्चनं सलोमीसाठी दिवसभराचा उपास ठेवला होता. चर्च बसथांब्याच्या समोरच आहे. मी पिशवी घेऊन, सलोमीचं बोट धरून थांब्यावर उभी होते आणि समोरून बायका आत जात होत्या. पास्टर रस्ता ओलांडून आले.

"आज? आज तर तिच्यासाठीच सगळे उपाशी हाईत, करुणा."

"माहीत हाय, पास्टर."

"एक दिवस थांबली असतीस. लोकांना काय वाटंल?"

"तुमी मागा," मी म्हणाले. "मी नेते. मी पण मागूनच निघाले हाय. प्रार्थना सोडली म्हणून न्हाई चालले, केली म्हणून चालले."

ते काही तरी म्हणणार होते, पण बस आली. खिडकीतून मला प्रकाशची जीप दिसली. ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. उतरले नाहीत. बीदरला गाडी बदलून आम्ही गुलबर्ग्याला पोचलो. शाळेच्या फाटकात दोन मुली हातांनी भराभर बोलत होत्या. सलोमी जागच्या जागी थांबली. तिनं माझं बोट सोडलं. तिला तिथं ठेवून परत येताना मी सबंध वाट रडले, आणि त्या रडण्यात मला एकदाही असं वाटलं नाही की चुकलं.

पुढच्या रविवारी मी चर्चला गेले. काहींना वाटलं होतं, मी आता येणार नाही. मी पहिल्या बाकावर बसले. चर्च माझंही होतं. माझ्या लग्नाचं, सलोमीच्या बाप्तिस्म्याचं. कुणाच्या नजरेसाठी ते सोडायचं, हे मला मान्य नव्हतं. पास्टरांनी मला पाठ वाचायला पुन्हा कधी बोलावलं नाही. ते बदलून गेले आणि नंतर आलेल्यांना जुनं काही माहीत नव्हतं, तेव्हा मी वाचायला लागले. आत्यांचा उपास सलोमीनंच मोडला. पहिल्या सुट्टीत घरी आली तेव्हा दुपारी आजीसमोर ताट ठेवून तिनं हातानं असं काही बजावलं की आत्या निमूट जेवायला बसल्या. प्रकाश उशिरा आले, पण आले. एका पावसाळ्यात ते एकटेच गुलबर्ग्याला जाऊन तिला भेटून आले आणि रात्रीच्या जेवणाला म्हणाले, "लई बोलती की ती. मला मेल्याला काईच येत न्हाई." त्यानंतर तिच्याकडून ते शिकायला लागले. जाडी बोटं, सगळं चुकायचं. ती पोट धरून हसायची.

तिचे कान उघडले नाहीत. हे मी स्पष्ट सांगते, कारण असल्या लेखाच्या शेवटी ते उघडले असं ऐकायला लोक टपलेले असतात. माझ्या प्रार्थनेला उत्तर मिळालं का, असं मला अजून विचारतात. मी त्यांना सांगते की मला प्रश्न बदलून मिळाला. ज्याला हे पुरत नाही त्यानं स्वतः ज्वारीत बसून बघावं. मी अजूनही देवाकडं मागते, अजूनही कधी कधी भांडते. पण आता बोलून झालं की थांबते, आणि थांबल्यावर समोर कोण आहे ते बघते. एवढं शिकायला मला एक सुगी लागली. पुढचं अजून शिकतेय.

गुलबर्ग्याचं आता कलबुर्गी झालंय. सलोमी तिथंच एका कार्यालयात संगणकावर काम करते. गेल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये पहिल्या पिकाचं अर्पण होतं. वेदीपुढं तुरीचे पेंडके, हरभऱ्याचे डहाळे, माझ्या पट्टीतली ज्वारीची कणसं. ती त्यासाठी सुट्टी काढून आली होती. नवे पास्टर तरुण आहेत. "कुणाला प्रार्थना करायची हाय का?" त्यांनी विचारलं तेव्हा मी ते तिला खुणेनं सांगितलं, आणि ती उठून पुढं गेली.

ती हातांनी प्रार्थना करायला लागली. बराच वेळ. हात छातीशी येत होते, पिकावरून फिरत होते, लोकांकडं वळत होते, एकदा रागानं हवेत आपटले, मग मऊ झाले. सुलोचनाक्का आता खूप थकलीय. ती मान पुढं काढून टक लावून बघत होती. सलोमी थांबली आणि जागेवर येऊन बसली. ती संपवून आलीय का, हे कुणालाच कळेना.

पास्टर माझ्याकडं वळून म्हणाले, "अक्का, ती काय म्हणाली, जरा सगळ्यांना सांगा की."

मी उभी राहिले. "ज्याला सांगायचं त्याला सांगितलं तिनं," मी म्हणाले. "मी मधी पडत न्हाई." आणि बसले.

खरं म्हणजे मलाही अर्धंच कळलं होतं. तिकडं राहून तिची बोली फार पुढं गेली आहे. घरच्या भाकरी-पावसाच्या खुणांत मावणार नाही असं बरंच काही ती त्या दिवशी बोलली. तिनं काय मागितलं, कशाबद्दल भांडली, हात का आपटला, मला माहीत नाही. घरी येताना विचारावं असं मनात आलं होतं. विचारलं नाही. ती माझ्यापुढं चालत होती, झपाझप, आणि मी तिच्या मागून चालत राहिले.